घाटावरच्या बाजारात माय

आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशावर तालुक्यांच्या बऱ्याच रेघा आहेत, पण माणसांच्या बोलण्यात एकच आहे. तिच्या वरचे ते घाटावरचे आणि खालचे ते घाटाखालचे. बुलढाणा, चिखली, मेहकर वर. मलकापूर, नांदुरा, संग्रामपूर खाली. घाटावरच्यांचं म्हणणं, खालच्यांना उन्हाशिवाय काही माहीत नाही. खालच्यांचं म्हणणं, वरचे मुरुम पेरतात आणि मुरुमच काढतात. सोयरीक जमवायला बसलेली म्हातारी माणसं मुलाचं शिक्षण विचारायच्या आधी "वरचे का खालचे" एवढं विचारून घेतात, आणि उत्तर काहीही आलं तरी मान तिरकी करून "अस्सं" म्हणतात.

माझी माय पक्की घाटाखालची. संग्रामपूर तालुक्यात जन्मली, त्याच तालुक्यात दिली, आणि पंचाहत्तरी उलटेपर्यंत घाट चढायची वेळ तिच्यावर आली ती लग्नाकार्यापुरती. मी नोकरीला लागलो, बुलढाण्यात आलो आणि इथंच घर बांधलं. तिच्या लेखी मी तेव्हापासून परमुलखात आहे.

बुलढाणा म्हणजे थंड हवेचं ठिकाण. हे आम्ही इथले लोक पाहुण्याला चहा पाजायच्या आत सांगतो. दसरा झाला की स्वेटर काढतो आणि घाटाखालच्या नातेवाइकांना फोन करून विचारतो, तुमच्याकडे पंखा लागतो का अजून. त्यांना लागतो हे माहीत असतंच. विचारण्याचं सुख वेगळं.

वडील गेल्यावर माय गावी एकटीच राहत होती. गेल्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावर पाय घसरून पडली, गुडघा सुजला, आणि मी तिला गाडीत घालून वर घेऊन आलो. महिनाभरासाठी, असं सांगून. महिना झाला, गुडघा उतरला, ती चालायला लागली. आता तिनं कायमचं इथंच राहावं असं मी मनात ठरवून टाकलं होतं, आणि आता आपण गावी जायचं असं तिनं ठरवून टाकलं होतं. दोघांपैकी कुणीही तो विषय उघड काढून वाद घातला नाही, पण दोघांनाही एकमेकांचं कळलेलं होतं. पुढं जे सगळं झालं, ते या एकाच गोष्टीवर लटकलेलं होतं. माय राहते की जाते.

तिला घरात काही कमी पडू द्यायचं नाही, असा आमचा दोघांचा कटाक्ष होता. माझी बायको शाळेत शिक्षिका, मी कचेरीत. मुलगा पुण्याला. धुण्याभांड्याला बाई येते. मायनं पोळपाटाकडे हात नेला की बायको म्हणायची, आई, तुम्ही बसा. तिनं झाडू उचलला की मी म्हणायचो, माय, तू बस. आणि आमच्या या सेवेचं आम्हालाच फार कौतुक होतं. आल्यागेल्याला मी सांगत असे, तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही.

मग माय गॅलरीतल्या खुर्चीवर बसून बुलढाण्याची उणीदुणी काढायची. इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही. दूध पांढरं दिसतं, पण दुधासारखं लागत नाही. माणसं "काय चाललंय" विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढं निघून जातात. थंडी तर थंडीसारखी पडतच नाही, नुसती अंगाला चिकटते. दर रविवारी सकाळी चहा पिऊन झाला की तिचा प्रश्न ठरलेला, "मले कधी सोडतं?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, पाहू, जरा पाऊस उघडू दे. पाऊस उघडला तेव्हा म्हटलं, दसरा होऊ दे.

दसऱ्याच्या सुमारास आमच्याकडे सीताफळाचा बाजार लागतो. गाव संपतं आणि रस्ता राजूर घाटाकडे उतरायला लागतो, तिथं. घाटाच्या कडेनं ज्या वस्त्या आहेत, तिथले लोक पहाटे जीपगाड्यांत टोपल्या भरून येतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना पोती अंथरून बसतात. त्यांच्यासाठी कुणीतरी हिरव्या कापडाचा मंडपही घालून दिला होता. आत खुर्च्या, वर फलक, शेतकऱ्याकडून थेट ग्राहकाला. उद्घाटनाच्या दिवशी बाया अर्धा तास त्या मंडपात बसल्या, फोटो झाले आणि त्या उठून पुन्हा रस्त्याच्या कडेला आल्या. गाडीची काच रस्त्यावर खाली होते, मंडपात होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यानंतर हंगामभर मंडपात एक राखणदार आणि दोन कुत्री थेट ग्राहकाची वाट पाहत होती.

एका रविवारी मी मायला त्या बाजारात घेऊन गेलो. माझा डाव होता हे कबूल. म्हटलं, सकाळचं धुकं, दरीतून वर येणारा वारा, हिरव्या फळांचे ढीग, हे सगळं पाहून म्हातारी थोडी तरी विरघळेल. माय उतरली, पदर घट्ट केला, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, एवढ्या लोकांनी एकच फळ विकायला आणलंय, यांच्याकडे दुसरं काही पिकत नाही वाटतं.

मग ती एका ढिगापुढं बसली. विकणारी बाई चाळिशीची असेल. लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला मफलर आणि आवाज असा की घाटातून वर येणाऱ्या गाडीला वळणावरच ऐकू यावा. मायनं एक सीताफळ उचललं आणि अंगठ्यानं दाबलं. दुसरं उचललं, दाबलं. तिसऱ्याला बाई बोललीच.

"हात लावा आजी, पन दाबू नका. केळं नाही थे."

घाटाखाली केळीचे बाग आहेत आणि माझ्या मायचं निम्मं आयुष्य केळीत गेलं आहे. तिच्या हाताला फळ म्हणजे केळंच माहीत. सीताफळ दाबलं की दाबल्या जागी काळं पडतं, ते डोळ्यांनी ओळखायचं असतं. वरच्या खवल्यांच्या मधल्या भेगा रुंदावून पिवळसर झाल्या, म्हणजे डोळे उघडले, की फळ तयार. मायला हे माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे ती मान्य करणार नव्हती. माझी माय मोडेल पण वाकणार नाही. तिनं सांगितलं की फळं पिकवण्यात आमचा हात धरणारा कुणी नाही, आमच्याकडे खोल्याच्या खोल्या भरून केळी पिकत.

"घाटाखालच्या का तुम्ही?" बाईनं विचारलं.

माय म्हणाली, हाव.

"मंग बरोबर," बाई म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्या "मंग बरोबर"नं घात केला. बाईचा सल्ला होता की चार तयार फळं आज न्या, चार कडक न्या, रोज थोडी खा. मायनं तो कानावरही घेतला नाही. तिनं कडक फळांची अख्खी टोपली घेतली. एवढ्याचं काय करशील म्हणून मी विचारलं, तर तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गुमान टोपली डोक्यावर घेतली आणि गाडीपर्यंत गेलो. ओळखीचे दोन जण भेटले. दोघांनीही नमस्कार केला आणि हसू आवरलं.

घरी आल्यावर मायनं पिकवायला जागा शोधली. केळी पिकवायची तिच्याकडची रीत अशी, की बंद खोलीत घड रचायचे, कडुनिंबाचा पाला घालायचा, धूर द्यायचा आणि दार लिंपून टाकायचं. आमच्या घरात लिंपण्यासारखं दार नव्हतं, म्हणून तिनं माझं कपड्यांचं कपाट निवडलं. खालच्या खणात पाला, त्यावर फळं, त्यावर बायकोची ठेवणीतली दुलई. गोवऱ्या मिळेनात, म्हणून वाटीत निखारा घेऊन त्यावर ऊद टाकला, खण धुरानं भरला, वाटी बाहेर काढली आणि कपाट लावून घेतलं. त्या वेळी आम्ही दोघंही बाहेर गेलो होतो, नाहीतर हे लिहायची वेळच आली नसती.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो तेव्हा शेजारच्या टेबलावरचे खानसाहेब माझ्याकडे पाहत नाक वर करून बसले आणि म्हणाले, "सुबह सुबह दर्ग्यावर जाऊन आलात का? चांगलं आहे." मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं असतं, आणि माझ्या जागी ते असते तर मीही तेच केलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं कपाट उघडलं. केळीला जो धूर आणि जी ऊब तीन-चार दिवस पुरते, त्यांनी सीताफळाचा एका दमात निकाल लावला होता. सगळी टोपली एकदमच पिकली होती. काही फळं तर उकलून दुलईला चिकटली होती, आणि माझ्या दोन पँटींच्या मोहरीला मुंग्या लागल्या होत्या. बायकोनं आवाज चढवला नाही. शिक्षकी पेशात तिनं बरंच पाहिलेलं आहे. ती फक्त म्हणाली, आई, आता काय करायचं?

माय म्हणाली, फळच खोटं दिलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, पण हे बोलायची माझी छाती नव्हती. तिनं न उकललेली फळं पिशव्यांत भरली, चपला घातल्या आणि भांडायला निघाली. मी कचेरीत अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि मागोमाग गेलो. भांडणात कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते वाटेत ठरेना.

बाजारातल्या त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. कपाट, ऊद, दुलई. मग ती हसायला लागली. हसता हसता तिच्या मफलरची गाठ सुटली, तिनं शेजारणीला बोलावलं, मायला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं आणि पुन्हा हसली. मायचा चेहरा पाहून मला वाटलं, आता इथं काही खरं नाही. तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. शेगावला दर्शनाला निघालेलं कुटुंब होतं, पोरं भुकेली होती. त्यांना आत्ता खायला सीताफळ हवं होतं, उद्या-परवा पिकणारं नको. साऱ्या बाजारात कडक फळं. पिकलेलं मऊ फळ टोपलीत टिकत नाही, म्हणून कुणी आणतच नव्हतं. बाईनं मायच्या पिशवीत डोकावून पाहिलं, दोन फळं काढली आणि गाडीच्या काचेतून आत दिली. पाठोपाठ दुसरी गाडी थांबली. पहिलीतली पोरं तोंड माखून खाताना दिसल्यावर तिसरी थांबायला वेळ लागला नाही.

पिशव्या रिकाम्या झाल्या. बाई मायला म्हणाली, तुमचं फळ बिघडलं नाही आजी, घाई झाली त्याले. आणि मग, जशी आपल्या घरच्या बाईला म्हणावी तशी, "उठा आता, थे पोतं इकडं वढा, अन् हे टोपलं धरा."

मी धावलो. टोपल्याला हात घातला आणि म्हणालो, माय, तू बस. मायनं टोपलं माझ्या हातातून ओढून घेतलं. जोर इतका होता की मी एक पाऊल मागं सरलो. तीन महिन्यांत तिला कुणी ऊठ म्हटलेलं नव्हतं. मला हे त्या क्षणी कळलं असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. त्या क्षणी मला एवढंच कळलं, की गुडघा बरा झालेला दिसतो.

त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत माय बाजारात जात राहिली. संध्याकाळी तिथून थोडी कडक फळं आणायची, कपाटात घालायची आणि सकाळी नेऊन "आज खायचं" म्हणून वेगळी मांडायची. ऊद किती टाकायचा, दार किती वेळ लावायचं, हे तिनं हळूहळू बसवलं. फळं उकलेनाशी झाली. बायकोनं आपलं होतं नव्हतं ते सगळं दुसऱ्या खोलीत हलवलं. मी कुठं हलवणार? माझे कपडे तिथंच राहिले, आणि खानसाहेबांनी माझ्या भक्तीबद्दल साऱ्या कचेरीत आदर पसरवला.

एकदा संध्याकाळी मी तिला घ्यायला गेलो आणि मागं उभा राहून ऐकत होतो. छत्रपती संभाजीनगरकडची एक बाई फळ निरखत होती आणि माय तिला समजावत होती. "हे घाटावरच्या हवेवर वाढलेलं हाय बाई. खाली असं फळ भेटत नाही. खाली निरा ऊन, दुसरं काही नाही." माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, पक्की घाटावरची झाली, आता माय राहते. बायको वह्या तपासत होती. ती म्हणाली, घाई करू नका. पण मी त्या आठवड्यात मायसाठी नवी गादी करून घेतली आणि तिला छेडलंही, की काल घाटाची फार तारीफ चालली होती म्हणे. माय म्हणाली, धंद्यात बोलावं लागते.

दिवाळी झाली. फळ कमी होत गेलं, मग बारीक आणि काळपट येऊ लागलं. एकेक पोतं उठत गेलं. शेवटी त्या बाईनंही सांगितलं की उद्यापासून ती येणार नाही, शेतात हरभऱ्याचं काम आहे. जाताना तिनं मायच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाली, पुढच्या सालाले या आजी. माय म्हणाली, जित्ती राह्यलो तं येईन. त्याच दुपारी मंडपवाले आले आणि खुर्च्या गाडीत टाकून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी माय पुन्हा गॅलरीतल्या खुर्चीवर होती. मी म्हटलं, आता आराम कर, खूप दगदग झाली. ती पदर सारखा करून रस्त्याकडे पाहत बसली. बुलढाण्याला नावंही ठेवली नाहीत. हे मला त्या नावं ठेवण्यापेक्षा जास्त लागलं. दोन दिवसांनी तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली दिसली.

मी सगळी कारणं काढली. बीपी, गुडघा, तिकडे दवाखाना लांब, थंडी येतेय, लोक काय म्हणतील. तिच्याकडे सगळ्याची उत्तरं तयार होती. बायको मध्ये पडली नाही. फक्त मी एकटा असताना म्हणाली, तुम्ही त्यांना सगळं सांगता, एक सोडून. काय ते तिनं सांगितलं नाही. मला राग आला, कारण काय ते मला समजलं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. राजूर घाट सुरू झाला. दोन्ही बाजूंना सीताफळाची झाडं, आता फळं नसलेली. माय खिडकीबाहेर पाहत होती. मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, माय, खरं म्हणजे घरात तुझी फार गरज आहे. हिची शाळा, कामवाली सोडून गेली, घर उघडं पडतं.

माय म्हणाली, कामवाली काल आली होती. पोराच्या बारशाचे पेढे देऊन गेली. "तुले खोटं बोलता येत नाही. लहानपनी बी येत नव्हतं."

पुढच्या वळणावर जरा मोकळी जागा होती. मी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. समोर सगळं घाटाखालचं सपाट रान पसरलेलं, धुरकट. मला वाटलं होतं मी नीट शब्द जुळवून बोलेन. तसं काही झालं नाही.

"माय, मले करमत नाही," मी म्हणालो. "पोरगं पुण्याले. रविवारी फोन करते, थोही घाईत. संध्याकाळी घरी येतो तं आम्ही दोघं टीव्हीसमोर बसून राहतो. तू आली तवापासून घरी याची घाई वाटते मले. तू बुलढान्याले शिव्या देतं थे बी बरं वाटते."

कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर ही बोली माझ्या तोंडात क्वचित येते. त्या दिवशी ती आपसूक आली. लहान मुलानं रडावं तसं काही झालं नाही, पण त्याला फार वेळही राहिला नव्हता.

खालून एक ट्रक धापा टाकत वर आला आणि गेला.

"मंग हे आधी काऊन नाही सांगतलं?" माय म्हणाली. "इतके दिस म्हनत राह्यला, तुह्या गुडघ्यासाठी, तुह्या बीपीसाठी, तुह्यासाठी. मले वाटलं, मी याच्या डोक्यावर ओझं झालो. ओझं होऊन कोन राहीन, बाप्पा?"

मी डोळे पुसले, गाडी सुरू केली आणि वळवायला जागा आहे का ते आरशात पाहू लागलो. माय म्हणाली, वर कुठं निघालास? एवढं आलोच आहोत तर खाली चल. माझी गोधडी आणायची आहे, तुझ्या घरच्या ब्लँकेटीत ऊब नाही. मी म्हटलं, नवी गादी केली आहे. ती म्हणाली, गादीचं काय करू, तिच्यात मऊपणाशिवाय काही नाही.

मोताळा, नांदुरा, पूर्णेचा पूल. वाटेत शेतांत कापूस वेचणं चालू होतं. गावी पोचलो तेव्हा आमच्या शेजारच्या घरी कापसाचं लग्न निघावं अशी गडबड होती. शेजारी माझ्याच वयाचा, आम्ही एका वर्गात होतो. यंदा त्याचा कापूस बरा आला होता आणि भाव येईपर्यंत तो विकणार नव्हता. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, मधली भरलेली, ओसरीवर गाठोडी, आणि घरची माणसं अंगणात जेवत होती.

मायनं आमचं दार उघडलं. आत बंद घराचा वास होता. तिनं एका कडेला उभं राहून सगळं पाहिलं, गोधडी काढली, देव्हाऱ्यातले दोन देव रुमालात बांधले आणि बाहेर येऊन शेजाऱ्याला हाक मारली. म्हणाली, तुझा कापूस आण आणि माझ्या घरात भर. दवानं भिजवतोस काय?

तो गोंधळला. त्यानं विचारलं, काकू, मग तुम्ही कुठं राहाल?

माय तेव्हा अंगणाच्या मधोमध उभी होती. बायका ओसरीवरून पाहत होत्या. तिनं आवाज मुळीच कमी केला नाही. "घाटावर राहतो याच्याघरी. याले करमत नाही माह्याशिवाय. नोकरी संपत आली, केस पांढरे झाले, पन मायशिवाय करमत नाही म्हनते."

ओसरीवर हशा पिकला. शेजाऱ्याची बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. शेजाऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शाळेत असताना मारायचा तशी हाक मारून म्हणाला, "काय बे, खरं काय?" मी म्हणालो, हाव, खरं आहे. त्यात लाजण्यासारखं मला काही सापडलं नाही.

मग आम्ही दोघांनी गाठोडी वाहायला सुरुवात केली. मला सवय राहिलेली नाही, कापूस नाकातोंडात जात होता. तासाभरात खोली खिडकीपर्यंत भरली. शेजाऱ्यानं एक कोपरा मात्र मोकळा ठेवला. तिथं मायची खाट होती. हिवाळ्यात कधी मन बदललं, चार दिवस आल्या, तर म्हातारीला पाठ टेकायला असावी, असा त्याचा विचार. तो तसं बोलला नाही, पण गाठोडं तिथवर आलं की तो वळवून दुसरीकडे रचायचा.

माय दारात येऊन उभी राहिली. तिनं कापूस पाहिला, आणि मग तो कोपरा पाहिला.

"थो कोपरा काऊन सोडला?" ती म्हणाली. "भर थो बी."

शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आणि आम्ही दोघांनी मिळून खाट उचलून बाहेर आणली.